प्रति, जिवाणू क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस महोदय
मुक्काम लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली

महोदय,

या वसाहतीत सरकारी क्वार्टर मिळावं म्हणून माणसं यादीत नाव वर सरकायची वाट पाहत बसतात. आपण ना अर्ज करता, ना शिफारस आणता. थेट राहायलाच येता. वर इतके शांत, की घरमालकिणीला पत्ता लागू नये. संसर्ग झालेल्या दहांपैकी सुमारे सात बायकांना काहीच जाणवत नाही. पुढे कधी गर्भनलिका बुजली, की मूल होत नाही म्हणून बोल लागतो तो तिलाच.

मध्यंतरी आपला अपमान झाला, त्याबद्दल सहानुभूती. इथून जवळच असलेल्या एम्सच्या राजेंद्रप्रसाद नेत्रकेंद्राने २०१४ ते २०१७ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत पोरांच्या पापण्या उलटवून आपल्याला शोधलं. खुपरी हा आपलाच डोळ्यातला अवतार. ती सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही, असा दाखला जागतिक आरोग्य संघटनेने भारताला २०२४ मध्ये दिला.

ओटीपोटात मात्र आपण निर्धास्त असा. तिथला नियम वेगळा : तक्रार आली तर बघू. गुप्तरोगांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणं पाहून रंगीत पाकिटांतली औषधं मिळतात. करड्या पाकिटात ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. पाकीट चांगलंच आहे हो, पण जिला लक्षणच नाही तिला कुठल्या रंगाचं द्यायचं? गरोदरपणात सिफिलिससाठी रक्त तपासतात, आपल्या वाटेला कुणी जात नाही. उलट इंग्लंडने २००३ मध्ये पंचविशीच्या आतल्यांसाठी आपली तपासणी सुरू केली. लघवीचा नमुना किंवा बाईने स्वतःच घेतलेला स्वॅब, एवढ्यात काम भागतं.

तक्रारीची वाट पाहिली की काय होतं, ते डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत मोजून ठेवलंय. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जानेवारी १९८९ च्या अंकात ते छापून आलं. ६५० बायका तपासल्या. तक्रार होती ५५ टक्क्यांची. स्त्रीरोग किंवा गुप्तरोग निघाला ९२ टक्क्यांत! आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. बाकीच्यांनी अंगावर काढलं. बायकांच्या या सोशिकपणावर आपला संसार उभा आहे, तेव्हा त्यांचे आभार मानायला विसरू नका.

डॉक्सिसायक्लिनच्या सात दिवसांच्या गोळ्यांनी आपण सहसा गाशा गुंडाळता, ही बातमी फुटू नये याची काळजी सगळे मिळून घेत आहेतच.

कळावे,
एक हितचिंतक

प्रत माहितीसाठी : नवरोबा. औषध दोघांनीही घ्यायचं असतं, हे त्यांच्यापर्यंत अजून पोचलेलं नाही.