आधी हॉल, मग फादर

वसईत लग्न ठरलं की आधी हॉल मिळतो, मग ब्रास बँड, केटरर, ड्रोनवाला. आणि सगळ्यात शेवटी फादर. तोवर पत्रिका छापून झालेल्या असतात. फादर विचारतात, ‘विवाहपूर्व शिबिर केलंत का?’ नवरामुलगा दचकतो. फोटोंचं प्री-वेडिंग झालेलं असतं, हे दुसरं कुठलं! मग सुट्टी काढून दोघं शिबिरात बसतात आणि संवादावरच्या सत्रात आपापल्या मोबाइलशी संवाद साधतात.

बाप्तिस्म्याची तऱ्हा याहून गोड. १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार धर्मपिता साधारणपणे सोळा वर्षं पूर्ण केलेला, दृढीकरण झालेला आणि श्रद्धेला साजेसं जगणारा हवा. घरच्यांची संहिता वेगळी: तो आखातात हवा, निदान सोन्याची साखळी घालण्याइतका. बाळाला श्रद्धेत वाढवायचं वचन तो वेदीसमोर देतो आणि पुढच्या आठवड्यात विमानात बसतो. पूर्वतयारीच्या वर्गाला त्याच्या जागी आजी जाते. खरं तर वचनही तिच्याकडूनच घ्यावं; प्रार्थना शेवटी तीच शिकवणार आहे.

तेव्हा मंडळी, पत्रिका छापण्याआधी एकदा पॅरिशच्या ऑफिसात डोकावा. तिथे ॲडव्हान्स द्यावा लागत नाही.