दिवे लावले!

मराठीत ‘काय दिवे लावलेस!’ हे कौतुक नसतं, हे आम्हाला शाळेच्या निकालादिवशीच कळलं होतं. ‘मोठा उजेड पाडलास’ हेही त्यातलंच. भाषेने इतका स्वच्छ इशारा देऊन ठेवलेला असताना, गेल्या पौषात आम्ही आमच्या सतरा वर्षांच्या गाडीला एलईडी दिवे लावले. पुढचं सगळं मग भाषेच्या नियमाप्रमाणेच घडलं.

गाडी तशी गुणी. एका हाकेला सुरू होते, पेट्रोल बेताने पिते. पण पुढच्या काचा (म्हणजे काचा कसल्या, प्लॅस्टिकच) उन्हाने पिवळ्या पडलेल्या, मोतीबिंदू झाल्यासारख्या. रात्री येवल्याहून कोपरगावकडे निघालं, की उजेड रस्त्याला टेकण्याआधीच दमायचा. त्यात उसाचा हंगाम. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या पाठीमागे लाल दिवा असतो असं आम्ही ऐकून आहोत. शिवाय शिर्डीला पायी निघालेल्या पालख्या.

इंग्रजांना वर्षभर रानोमाळ पळवणारे तात्या टोपे मूळचे येवल्याचे, आणि त्यांच्या घोड्याला कसलाच दिवा नव्हता, हे आम्ही भाच्याला सांगून पाहिलं. भाचा म्हणाला, ‘‘मामा, घोड्याला दिसतं. तुमचं तसं नाही. एलईडी टाका.’’

दुकानदाराने काउंटरवर खोका ठेवला. ‘‘काका, वीस हजार लुमेन.’’

‘‘आत्ता किती आहेत?’’

‘‘आत्ता तुमच्याकडे हेडलाइट नाहीच काका. चिमणी आहे.’’

त्या चिमणीचा, म्हणजे साध्या एच-4 हॅलोजन बल्बचा, खालचा उजेड साधारण 1000 लुमेन आणि वरचा 1650, हे आम्हाला फार नंतर कळलं. एवढ्यावर या देशाने कित्येक वर्षं रात्रीचा प्रवास केला. हे आधी कळलं असतं, तर बोटाएवढ्या वस्तूत वीस हजार मावतात कसे, असं विचारलं तरी असतं. पण आकडा मोठा असला की आपण प्रश्न विचारत नाही. निवडणुकीतही हेच होतं.

खोक्यावर बारीक अक्षरात ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं छापलेलं होतं. आम्ही अर्थ विचारला. दुकानदार म्हणाला, ‘‘म्हणजे डांबरी रस्ता सोडून, काका.’’ आम्ही समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. अट पूर्ण होत होती.

आता गंमत बघा. येवल्याच्या माणसाला उजेडातलं कळत नाही असं कोण म्हणेल? पैठणी घेताना आमच्या घरच्या मंडळी दुकानातल्या ट्यूबवर अजिबात विश्वास ठेवत नाहीत. साडी उचलतात, उंबऱ्याबाहेर नेतात आणि पदर उन्हात धरून हलवून बघतात. धूपछाँवचे दोन रंग तिथेच खरे कळतात, दुकानाच्या पांढऱ्या झगझगाटात नाही, हे इथल्या लहान पोरीलाही माहीत. एक पदर पारखायला सूर्य लागणारं हे गाव. आणि आम्ही मात्र जिवाचा प्रश्न दुकानाच्या भिंतीवर बल्ब लावून सोडवला. भिंत लख्ख उजळली. अडीच हजार दिले.

पहिल्या रात्री आम्ही राजे होतो. बोनेटपुढचे तीस-चाळीस फूट असे पांढरेशुभ्र, की खड्ड्यातल्या खडीचे दाणे मोजावेत. त्यापुढे मात्र काहीच नव्हतं. रस्ता तिथे संपल्यासारखा वाटे. ‘‘पूर्वी लांबचं झाड दिसायचं हो,’’ असं बायको म्हणाली. तिला पैठणीचं कळतं, गाडीचं नाही, असं म्हणून आम्ही विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी भोगी. येवल्यात संक्रांत म्हणजे तीन दिवसांचा मामला: भोगी, संक्रांत आणि कर. दिवसभर गच्च्यांवर मांजाच्या आसाऱ्या फिरल्या. नायलॉन मांजावर बंदी आहे, म्हणून तो फक्त मागच्या दाराने आला. रात्री आम्ही गाडी घराजवळ लावत होतो, तेवढ्यात गल्लीतली पोरं ओरडली, ‘‘काका, बंद करू नका! दिसली, दिसली!’’ समोरच्या कडुनिंबाच्या शेंड्याला कटलेली पतंग अडकली होती आणि आमच्या दिव्यात ती लखलखत होती. एक पोरगं सरसर वर चढलं. आम्ही डिपर दिला. पतंग तरीही दिसतच राहिली. म्हणजे खाली रस्त्यावर पडायचा उजेड दोन मजले वर चालला होता. पोरांनी तीन रात्रींत नऊ पतंगी काढल्या. आमच्या गाडीचा गल्लीला झालेला हा पहिला सार्वजनिक उपयोग.

त्याच उजेडात समोरच्या वाहनाचा चालक बसलेला असतो, हे आम्हाला सुचायला करीचा दिवस उजाडावा लागला. उजाडावा म्हणजे, रात्रीचे नऊ वाजावे लागले.

कोपरगावहून परतत होतो. समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला अप्पर मारत होता. आम्ही डिपरच दिलेला होता. आता आणखी किती नम्र व्हायचं? पूर्वी अप्पर-डिपर ही रस्त्यावरची रीतभात होती. ट्रकच्या पाठीमागे ‘रात्री डिपर वापरा’ अशी विनंती रंगवलेली असे. एकाने डोळे खाली केले की दुसराही करी. आता दोघांचंही ‘खाली’ हे पूर्वीच्या ‘वर’पेक्षा वर असतं. समोरून एक मोटारसायकल आली, पुढे सगळा पांढरा गोळा. आम्ही चिडून अप्पर दिला. त्यानेही दिला. दोन सूर्य समोरासमोर, आणि मधल्या शंभर फुटांत मिट्ट काळोख. त्या काळोखात काहीतरी ऊस ऊस वाटलं. ब्रेक दाबला. काचेपासून हातभर अंतरावर उसाची वाढी लोंबत होती. ट्रॉलीला लाल दिवा नव्हता, पण त्याला आता काय बोलणार? आमच्याकडे वीस हजार लुमेन होते.

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाल्या चाचांकडे गेलो. चाचांनी आमचा जुना बल्ब हातात घेतला आणि खोडरबराएवढ्या त्या वस्तूवर व्याख्यान दिलं. ‘‘साहेब, यात दोन तारा. खालच्या उजेडाच्या तारेखाली ही नखाएवढी वाटी बघा. ती निम्मा उजेड अडवते. म्हणून तो रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडतो आणि रस्त्याकडे खाली उतरतो. रिफ्लेक्टरची सगळी वळणं या तारेच्या जागेसाठी घडवलेली. तुमच्या एलईडीत तारच नाही, चिप आहे, तीही जराशी भलतीकडे. केसभर जागा सरकली, की उजेड झाडावर.’’

‘‘पण उजेड जास्त आहे ना?’’

‘‘पायाशी जास्त आहे. पायाशी फार उजेड असला की बाहुली बारीक होते, मग लांबचं दिसत नाही.’’

बायको शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. त्याने आम्हाला जास्त लागलं.

पांढऱ्या एलईडीमागे मोठं शास्त्र आहे. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना 2014 साली नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की उजेड पांढरा दिसतो. कारखान्यातूनच एलईडीसाठी घडवलेला हेडलाइट छान चालतो, त्याचं भिंग आणि रिफ्लेक्टर त्याच्याच मापाचे असतात. आम्ही मात्र नव्या नवऱ्याला आजोबांचा अंगरखा घातला, आणि तो आखूड झाला म्हणून शिंप्याला बोल लावला.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकाला दर फेरबदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन बल्ब म्हणजे एक फेरबदल की दोन, यावर आम्ही भाच्याशी बराच वेळ चर्चा केली. भाचा म्हणाला, ‘‘मामा, पकडायला समोरच्याला तुमची गाडी दिसायला तर हवी.’’

चाचांनी शेवटी केलं ते फार साधं. पिवळ्या काचा घासून पॉलिश केल्या. मीटर लावून दाखवला: बॅटरीतून निघालेलं व्होल्टेज जुन्या वायरींतून रडतखडत बल्बपर्यंत जात होतं. ते दहा टक्के घटलं तरी हॅलोजनचा उजेड तीसेक टक्के घटतो. त्यांनी रिले टाकला, जाड वायर ओढली, जुनेच हॅलोजन बसवले आणि गाडी भिंतीसमोर उभी करून, खडूने रेघ मारून, स्क्रू फिरवत दोन्ही दिवे रेघेखाली आणले. खर्च एलईडीच्या निम्म्याहून कमी. रात्री कोपरगाव रस्त्याला गेलो. उजेड पिवळाच होता, पण लांबचं झाड दिसलं. कोणी अप्पर मारला नाही. पोरं तेवढी नाराज झाली. ‘‘काका, तुमचे दिवे गेले का?’’

एलईडी आम्ही दुकानदाराला अर्ध्या किमतीत परत दिले. ‘‘एक्स्चेंजमध्ये जातील,’’ म्हणाला. प्रश्न सुटला असं समजून आम्ही घरी आलो.

आठवड्याने रात्री विंचूर चौफुलीवर वळत होतो. समोरून एक जीप आली आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. गाडी जागच्या जागी थांबवली, कपाळावर हात धरला आणि त्या जीपवाल्याचा उद्धार करायला तोंड उघडलं. जीप शेजारून गेली. तिचा डावा दिवा उजव्यापेक्षा किंचित जास्त आभाळाकडे बघत होता, आमच्या कडुनिंबाकडे बघायचा अगदी तसाच.

बायको पदर डोळ्यांवरून काढत म्हणाली, ‘‘अहो, शिव्या कुणाला देता? आपलेच दिवे आहेत ते.’’