तत्त्वनिष्ठ गाइल

स्ट्रीट फायटर टू या व्हिडिओ गेममध्ये मी आजवर कोणालाही पकडून आपटलेलं नाही. माझ्या चारित्र्याची चौकशी कोणी आपणहून करत नाही, म्हणून मीच सांगतो. कॉइन टाकायच्या आधी मी शेजारच्याला बजावायचो, "पकडायचं नाही. पकड म्हणजे रडी." त्याने मान हलवली की माझा खेळाडू गाइल खाली बसायचा आणि घड्याळाचे ९९ आकडे संपेपर्यंत बसूनच राहायचा.

हे बसणं शास्त्रशुद्ध होतं. कॅपकॉमने १९९१ साली गाइलला असा घडवला की स्टिक क्षणभर मागे धरून पुढे ढकलली आणि ठोसा दाबला की सॉनिक बूम सुटतो, आणि खाली धरून वर ढकलत लाथ दाबली की तो उलटी कोलांटी मारत समोरच्याचं थोबाड फोडतो. आता स्टिक तिरकी, मागच्या-खालच्या कोपऱ्यात दाबून ठेवली तर दोन्हींची तयारी एकदम होते, वर ब्लॉक फुकटात. उडी मारून येणाऱ्याचा मार बसून अडत नाही, पण त्याच्यासाठी कोलांटी तयारच असते. सरकारी कचेरीत लागला असता तर गाइल हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला असता. लांबून बूम सोडायचे, आला अंगावर की कोलांटी, आणि वेळ संपली की ज्याची लाइफ जास्त तो जिंकला. याला मी 'डोक्याने खेळणं' म्हणायचो. बाकीचे काय म्हणायचे ते छापण्यासारखं नाही.

तालमीत जाणारा एक दोस्त मात्र कायम झांगीफ घ्यायचा. झांगीफ म्हणजे सोव्हिएत पैलवान, लाल चड्डी, छातीवर जंगल, आणि लांबून फेकायला हातात काहीही नाही. त्याची सगळी पुण्याई एका डावात: अगदी जवळ जायचं, स्टिक पूर्ण गोल फिरवायची आणि ठोसा. मग तो समोरच्याला उलटा धरून गरगरत वर जातो आणि डोक्यावर आपटतो. आता यातली खोच बघा. गोल फिरवताना स्टिक 'वर'ही जाते, आणि वर गेली की पैलवान उडी मारतो. म्हणजे त्याचे पाय सुटायच्या आत चक्र पुरं करून ठोसा दाबायचा, नाहीतर आधीचा एखादा फटका चालू असतानाच ते उरकून घ्यायचं. आम्ही स्टिक बोटांनी धरायचो. हा तळवा मांडून ती घुसळायचा, खर्रर्र आवाज व्हायचा, गल्ल्यावरचे काका "मोडशील रे!" म्हणून ओरडायचे, आणि त्या ओरडण्याच्या आत माझा अमेरिकन मेजर उलटा झालेला असायचा.

"रडी! रडी!" मी.

"पैलवानानं धरायचं न्हाई, मग काय ओवाळायचं व्हय?" तो.

आणि हे कुठे, तर कोल्हापुरात! शाहू महाराजांनी जिथे कुस्तीसाठी खासबागेचं मैदान बांधलं, ज्या गावाच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक आणलं, त्या गावात मी पकडीवर बंदी घालत होतो. त्या लाल मातीत माझी जीभ कशी झडली नाही, देव जाणे.

पकडीचा मला राग होता, हे खरं. तिला तयारीच लागत नाही; जवळ आला, स्टिक बाजूला, बटण, गेलात तुम्ही. त्यातही चीड आणणारा प्रकार म्हणजे हलकासा ठोसा आपल्याला अडवायला लावायचा आणि आपण ब्लॉकमधून मोकळे होतोय तोच धरायचं. पण पकड काढून टाका आणि काय उरतं ते बघा. ब्लॉक माराला थांबवतो, पकड ब्लॉकला उचलते, मार पकडायला येणाऱ्याला गाठतो. यातला मधला पाय कापला की जो बसून राहील तो राजा. बसून कोण राहायचं, हे वर आलंच आहे.

आणखी एक गंमत. कॉम्बोला, म्हणजे एकाला जोडून दुसरा फटका असा की मधे अडवताच येऊ नये, आम्ही सगळे कला म्हणायचो. ती कला मुळात एक चूक होती. कॅपकॉमच्या नोरिताका फुनामिझूंना ती गाडी फोडायचा बोनस डाव तपासताना सापडली. इतकं अचूक टायमिंग कोणाला जमणार, असं समजून त्यांनी ती तशीच राहू दिली. म्हणजे चुकून राहिलेल्याला आम्ही दाद देत होतो, आणि मुद्दाम घातलेल्याला रडी ठरवत होतो. डेव्हिड सर्लिन या अमेरिकन खेळाडूने 'प्लेइंग टू विन' या पुस्तकात मनाचे नियम करून पकडीला नावं ठेवणाऱ्या आणि हरत राहणाऱ्या खेळाडूचं वर्णन केलंय. मला मानधन मिळायला हवं होतं.

माझे पैसे आधी संपायचे. मग तो दोस्त खिशातला शेवटचा कॉइन माझ्यापुढे धरायचा, "घे, अजून एक." तोच कॉइन एकट्याने वापरून मशीनशी तो कितीतरी वेळ खेळला असता. त्याला समोर माणूस लागायचा. मी त्याचा कॉइन टाकायचो आणि म्हणायचो, "पकडायचं नाही हं." आणि कधीकधी तो खरंच पकडायचा नाही. एवढा थोरला पैलवान माझे बूम अडवत, झिजत झिजत उभा राहायचा, कारण बूम अडवला तरी थोडी लाइफ जातेच. मी जिंकायचो. त्या विजयांच्या गोष्टी मी पुढे कॉलेजात रंगवून सांगितल्या.

याच खेळाच्या १९९४ च्या सुपर टर्बो आवृत्तीत कॅपकॉमने माझ्यासारख्यांवर दया केली. पकड बसताच नेमक्या क्षणी आपणही पकडीचं बटण दाबलं तर पायावर उतरता येतं, मार निम्मा बसतो. पण पकड राहिलीच, आणि राहायलाच हवी होती. कोणाच्या गोदामात जुनं मशीन चालू अवस्थेत पडलं असेल तर मला जरूर बोलवा. झांगीफ तुम्ही घ्या, हवं तितकं आपटा. कॉइन माझा.