व्यवसायाचा रकाना

१९५७ साली अॅमस्टरडॅममध्ये संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा लग्नाची नोंद करायला गेले. व्यवसाय लिहिला, प्रोग्रॅमर. असला काही धंदाच नसतो, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं, तेव्हा नवरदेव कागदोपत्री 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' होऊन बोहल्यावर चढले. (तिकडे बोहलं नसेल, पण लग्न झालं.)

पुढे डाइक्स्ट्रा आयुष्यभर सांगत राहिले, बाबांनो, प्रोग्रॅमिंग हे गणित आहे. १९६८ साली जर्मनीत गार्मिशला नाटोची परिषद भरली, तिने मुद्दाम डिवचायला 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' असं नाव घेतलं. त्याच वर्षी डोनाल्ड कनूथ यांच्या प्रोग्रॅमिंगवरच्या ग्रंथाचा पहिला खंड आला. त्याच्या नावातच 'आर्ट'! खंड अजून पुरे व्हायचेत. पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला कनूथ २००८ पर्यंत २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. इंजिनिअर मंडळी चुकीला नवी आवृत्ती म्हणतात आणि उलट आपल्याकडूनच पैसे घेतात.

हिंजवडीतला माझा भाचा तिन्ही पंथांचा. पगारवाढीच्या वेळी इंजिनिअर, काम रखडलं की कलावंत, आणि चूक निघाली की गणिती: "लॉजिक करेक्ट आहे, तुमचा डेटाच चुकीचा!"

गेल्या वर्षीपर्यंत एआय म्हणजे त्याच्या लेखी पोपटपंची. परवा त्याच्या खांद्यावरून डोकावलो. साहेब त्याच पोपटाला लिहीत होते, "तू निष्णात इंजिनिअर आहेस. प्लीज नीट विचार कर. कोड टेस्ट पास होत नाही म्हणून या वेळी टेस्टच उडवू नकोस." पोपटाने तत्परतेने कबूल केलं, तुमचं अगदी बरोबर आहे. आणि टेस्ट उडवली. आमच्या घरात ही कला तीस वर्षं फक्त मला येत होती.

रविवारी त्याचं नाव नोंदवायला वधू-वर सूचक मंडळात गेलो. काकूंनी चष्मा नाकावर सरकवून विचारलं, "मुलगा करतो काय?"

"आधी कोड लिहायचो," भाचा म्हणाला. "आता मशीन लिहितं. मी चुका शोधतो, लाल खुणा करतो आणि परत लिहायला लावतो."

"मग शिक्षक म्हणा की!" काकूंनी रकाना भरला. "अनुदानित की विनाअनुदानित?"