आमच्याकडे असं नसतं

मी नाट्याचा. एवढं साधं वाक्य, पण पुण्यात उच्चारलं की घोटाळा होतो. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी ते बोलून गेलो आणि एका सीनियरने पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीला माझं नाव परस्पर देऊन टाकलं. नाटे हे राजापूर तालुक्यातलं, जैतापूरच्या खाडीकाठचं, यशवंतगडाच्या सावलीतलं गाव आहे, हे पटवून देईपर्यंत माझ्या हातात भालदाराचा भाला आला होता.

खोलीत आम्ही चौघं. जळगावकर, नागपूरकर, कोल्हापूरकर आणि मी. मेसमधली पातळ आमटी पिऊन आलं की रोज रात्री एकच विषय: कुणाच्या गावचं जेवण भारी? वाद थेट भौगोलिक मानांकनापर्यंत जाई. नागपुरी संत्रं आणि कोल्हापुरी गूळ, दोघांनाही ते २०१४ साली मिळालेलं. त्यामुळे खोलीत त्या दोघांची ज्येष्ठता. जळगावकराचं भरिताचं वांगं २०१६ चं. माझ्याकडे त्याच वर्षीचं कोकम होतं, शिवाय २०१८ चा हापूस हुकमाचा एक्का. पण त्या हापुसात रत्नागिरीसोबत आणखी चार जिल्हे वाटेकरी, म्हणून बाकीचे मला एकपंचमांशच गुण द्यायचे.

डिसेंबरात भीमथडी जत्रा आली. बारामतीचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही जत्रा पुण्यात भरवतो आणि गावोगावच्या बचतगटांच्या बायका आपापल्या भागातलं खाणं घेऊन येतात. तोंडी वाद मिटवायला याहून चांगलं कोर्ट कुठलं? प्रत्येकी दोनशे रुपये काढले. नियम ठरला: ज्याचा भाग त्याने न्यायचं, एक ताट घ्यायचं, चौघांनी खायचं आणि खरं बोलायचं. यातला शेवटचा नियम पहिल्या दहा मिनिटांत मोडला.

जत्रेत शिरताना चुलींचा धूर, भाजलेल्या मिरचीचा ठसका आणि तुपाचा वास एकदमच अंगावर आले. मेसवर वाढलेली पोरं आम्ही, आमचे पाय लटपटले. पण अब्रूचा प्रश्न होता. जळगावकर आम्हाला ताठ मानेनं शेवभाजीच्या स्टॉलवर घेऊन गेला. लालभडक तर्रीवर जाड शेव तरंगत होती आणि सोबत कळण्याची भाकरी. आम्ही तिघं पहिल्या घासातच विरघळलो. जळगावकराने मात्र घास तोंडात घोळवला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, ‘‘ठीकै. पण आमच्याकडे अशी नसते.’’

मग कोल्हापूरकर. पांढऱ्या रश्शाची वाटी आम्ही चाटूनपुसून साफ केली आणि तो म्हणाला, ‘‘पाणी वेगळं पडतंय रे. पंचगंगेचं पाणी न्हाई ना.’’ जणू रश्शात मटण, नारळ, खसखस हे सगळं उगाच टाकतात. नागपूरकराने सावजीच्या ताटासमोर घाम पुसत पुसत निकाल दिला, ‘‘फिकं आहे बे.’’ आमच्या तिघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

आता माझी पाळी. कोकणच्या एका बचतगटाच्या स्टॉलवर बांगडा तव्यावर चुरचुरत होता. मित्रांवर छाप पाडायची म्हणून मी सुरू झालो, ‘‘बांगडा घेताना कल्ले लाल बघायचे. अंगावर बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये.’’ तव्यामागच्या काकूंनी उलथनं थांबवलं.

‘‘तळलेल्या बांगड्याचे कल्ले दाखवू काय रे? कुठला तू?’’

‘‘नाट्याचा.’’

‘‘अरे वा, बंदरावरचाच की! घरची होडी आहे?’’

‘‘नाही. बाबा शिक्षक आहेत.’’

‘‘म्हणजे तूसुद्धा विकतच घेऊन खाणारा,’’ म्हणाल्या आणि तुकडा पालथा घातला.

मित्रांनी ते वाक्य वर्षभर पुरवून पुरवून वापरलं. पण देव न्यायी असतो. बांगड्याच्या आमटीत तिरफळं होती. ती फक्त वासाला, खायची नसतात, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत नागपूरकराने एक कचकन चावलं होतं. सावजीला फिका म्हणणारा तो मर्द दोन मिनिटांत जिभेला हात लावून बघू लागला, ती जागेवर आहे की नाही. ‘‘माजी जीब गेली,’’ एवढंच त्याला बोलता आलं. मी शांतपणे आमटी ओरपली आणि म्हणालो, ‘‘ठीक आहे. पण आमच्याकडे अशी नसते.’’

खरं सांगू? अगदी अशीच असते.

शेवटी खिशात उरले पैसे आणि समोर आला मांड्यांचा स्टॉल. आयुष्यभर मी मांडे फक्त मनात खाल्लेले. इथे एक मावशी पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत होत्या. ती पसरत पसरत मनगटावरून कोपराकडे निघाली, इतकी पातळ की आतलं पुरण दिसावं. पण फाटली नाही. मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर त्यांनी ती अशी अलगद अंथरली, जशी झोपलेल्या पोरावर गोधडी घालावी. आम्ही तिघं गप्प. मांडे खानदेशाचे, म्हणून आम्ही जळगावकराकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘‘आमच्या आजीच्या हातचे...’’ आणि पुढचं वाक्य संपायच्या आत आम्ही मांडा संपवला.

मे महिन्यात घरी गेलो. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत आई रोज ताजं म्हावरं रांधत होती आणि मी अक्कल गहाण ठेवून म्हणालो, ‘‘आई, एकदा शेवभाजी कर ना.’’ तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. दुसऱ्या दिवशी ताटात वाटी आली. कालच्या बांगड्याच्या आमटीतले मासे काढून घेतले होते आणि वर डब्यातली बारीक शेव भुरभुरली होती. तळाशी एक तिरफळ.

मी घास घेतला. झकास होती. पण तोंडातून आपसूक निघालं,

‘‘ठीक आहे. पण जळगावला अशी नसते.’’

आईने वाटी उचलून नेली.