इथे हीटर कोणाला लागतो?

गोंदियात मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो आणि डिसेंबर-जानेवारीत 10च्या खाली उतरतो. विदर्भातली सर्वांत थंड ठिकाणं वर्तमानपत्रात छापून येतात, त्यात आमचं नाव दर हिवाळ्यात वरच असतं. चौकाचौकात शेकोट्या पेटतात, ताडपत्रीवर पसरलेल्या धानावर सकाळी दव साचलेलं असतं. तरीही गाडीचा विषय निघाला की मेकॅनिक, सुट्या भागांचा दुकानदार, शेजारी, सगळ्यांचं एकमत असतं, की गोंदियाला फक्त उन्हाळा असतो. माझी तक्रार या एकमताबद्दल आहे.

घडलं ते लहानच. काचेवरची वाफ घालवणारा गाडीचा डिफॉगर चालेना. पण पहाटे नागपूरला निघालेल्या माणसाला ही गोष्ट लहान वाटत नाही. गोरेगाव सुटलं की तलाव-बोड्यांवरून, कापणी झालेल्या बांध्यांवरून धुकं रस्त्यावर उतरतं. पुढे मुरदोलीचं जंगल, मग कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग 53. मिलकडे धान नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे चाललेली असते आणि तिला मागे साधा लाल रिफ्लेक्टरही नसतो. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या जंगलांमधली जनावरं हाच रस्ता ओलांडतात. ऑगस्ट 2023मध्ये मुरदोलीजवळ गाडीच्या धडकेने एक वाघ गेला. बाहेरच्या धुक्यापुढे कोणाचं काही चालत नाही, वेग कमी करायचा. आतली वाफ मात्र आपल्याच श्वासाची असते, ती घालवायची सोय गाडीतच दिलेली असते, आणि तीच बंद असते. याचा मला राग येतो.

ही सोय अवघड नाही. काच थंड असते, श्वासातला ओलावा तिला लागून पाणी होतो. ब्लोअरची हवा काचेकडे वळवायची, बाहेरची हवा आत घ्यायची, एसी लावायचा आणि नॉब गरमकडे फिरवायचा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, हीटर तीच कोरडी हवा तापवून काचेवर सोडतो. थंडीत एसी लावला की मागे बसलेल्यांपैकी कोणीतरी ओरडतंच. त्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. पावसाळ्यातली वाफ वेगळी. तेव्हा थंडगार काचेवर ती बाहेरून धरते, आणि तिथे वायपर फिरवून एसीचा गारवा थोडा कमी करावा लागतो. लोक दोन्हींवर एकच उपाय करतात, तो म्हणजे हाताने काच पुसणं. तेलकट हात फिरला की समोरच्या दिव्यांचे फराटे दिसायला लागतात.

माझ्या गाडीचा ब्लोअर जोरात चालत होता, हवा काचेवरही जात होती. फक्त ती गार होती. तापमानाचा काटा अर्ध्यावर कधी चढतच नव्हता. रेडिएटरमध्ये कूलंट पुरेसं होतं. थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला. कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, ठीक असेल तर हा पाइप बराच वेळ थंड राहतो, आणि कूलंट साधारण 80 ते 90 अंशांवर गेलं की एकदम तापतो. इथे तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत होता. म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असावा. मेकॅनिकने त्याचं घर खोललं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता.

"काढला होता जी मागच्या उन्हाळ्यात. गाडी गरम होत होती ना. आपल्या इकडं हीटर कोणाले पाह्यजे?"

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. हात चांगला आहे त्यांचा, पैशालाही खोटे नाहीत. पण मे महिन्यात गाडी गरम होत होती ती रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होत नव्हता म्हणून, आणि ते काम नंतर वेगळं करावं लागलंच. थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन थंडच पळत राहतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइल लवकर खराब होतं आणि हिवाळ्यात काचेवर गरम हवा येत नाही. एवढं सगळं मालकाला न सांगता होतं. हीटर गळत असेल तर त्याचे दोन पाइप एकमेकांना जोडून हीटरच बाद करायची पद्धतही सर्रास आहे. गावातल्या दुकानात नवा थर्मोस्टॅट मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, "काढायला येतात सगळे, लावायला कोणी येत नाही." भाग नागपूरहून मागवावा लागला.

मागच्या काचेची कथा वेगळी. तिच्यावरच्या बारीक तपकिरी रेघा म्हणजे तापणाऱ्या तारा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2012मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हा गावोगावी ब्लेडने फिल्म खरवडल्या गेल्या, आणि फिल्मबरोबर रेघाही. माझ्या गाडीचं तसंच झालंय. फ्यूज शाबूत होता, रिले टकटक वाजत होता, बटणाचा दिवाही लागत होता. तो दिवा फसवतो. बटणापर्यंत वीज आहे एवढंच तो सांगतो. खरी तपासणी काचेवर होते. वाफ धरलेल्या काचेवर डिफॉगर लावला की चांगल्या रेघेभोवती पट्टा स्वच्छ होतो, तुटलेल्या रेघेभोवती होत नाही. मग मल्टिमीटरचं एक टोक बॉडीला लावायचं आणि दुसरं रेघेवरून सरकवायचं. चांगल्या रेघेवर 12 व्होल्ट हळूहळू शून्याकडे उतरतात, तुटलेल्या जागी आकडा एकदम पडतो. तिथे दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मधल्या फटीत चांदीमिश्रित रंगाचा थेंब ओढायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. माझ्या दोन रेघा अशा जुळल्या. खालची पार खरवडली गेली आहे, ती जुळणार नाही.

माझं मागणं एवढंच आहे, की गाडीतून काढलेला भाग मालकाच्या हातात द्यावा आणि बिलावर तसं लिहावं. नवा थर्मोस्टॅट बसवून झाल्यावर मेकॅनिकने हात पुसत विचारलं, "भाऊ, मेमध्ये काढायला आणता ना?" नाही आणणार. गाडी तापलीच तर आधी पंखा बघा, मग रेडिएटरच्या जाळीतला कोंडा साफ करा. धानाच्या या जिल्ह्यात तो भरपूर निघेल.