दारसैतचे गोमाशीराव

जूनच्या अखेरीस ओमानमधल्या धोफारच्या डोंगरांत खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा, सुरू होतो आणि मस्कतमधली मराठी कुटुंबे हजार किलोमीटर गाडी हाकत सलालाच्या झिमझिम पावसात भिजायला जातात. त्याच सुमारास डोंगरातले उंट मात्र खाली सपाटीवर आणले जातात. एक कारण निसरडा चिखल, दुसरे गोमाश्या. उंटाला अक्कल नसते हा समज इथे तपासून पाहण्यासारखा आहे. कारण मस्कतच्या मराठी वस्तीतही घरोघर चहाला टेकणारे गोमाशीराव असतात. दारसैत ते घुब्रा हा त्यांचा मुलूख. लोक त्यांना फुकटे म्हणतात, तो सरळ अन्याय आहे. अर्धा कप चहा आणि दोन चकल्या यांनी कोणाचे घर बुडत नाही. गोमाशी पिते त्या रक्तानेही जनावर मरत नाही. तिचा चावा झोंबतो, म्हणून जनावर तिला मध्येच झटकते, अर्धपोटी माशी शेजारच्या जनावरावर बसते आणि तोंडाच्या ओल्या रक्तातून सर्रा पुढे सरकतो. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने 1880 मध्ये डेरा इस्माईल खानला ज्याचे जंतू शोधले, तोच हा उंटाघोड्यांचा रोग. माशीच्या तोंडावर हे जंतू फार वेळ टिकत नाहीत. म्हणूनच गोमाशीरावही चहा अर्धा टाकून उठतात. तळमजल्यावरच्यांचा व्हिसा रखडल्याची बातमी तिसऱ्या मजल्यावर गरमच पोचायला हवी ना!

कोणी म्हणेल, नव्याने आलेल्याला घर, शाळा, गणपतीची वर्गणी हे सगळे तेच तर सांगतात. सांगतात खरे, पण बोलता बोलता त्याचा पगारही काढून घेतात आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा रुवीत पोचतो, तोही थोडा वाढून. गोमाशीसुद्धा फुलांतला मध चाखते, नर तर त्यावरच जगतो. म्हणून कोणी गोठ्यात गोमाश्या पाळत नाही. मग सरळ हाकलून का देऊ नये? कारण अर्धवट हाकलण्यातच सगळा घोटाळा आहे. तुमच्या दारातून उठलेले राव शेजारी जाऊन बसतात आणि तुम्ही कसे तुटकपणे बोललात हीच त्यांची पुढची बातमी होते. उंटासारखे मुक्काम हलवणे उत्तम, पण दोन वर्षांचा व्हिसा आणि शाळेतली मुले असलेल्याला ते जमत नाही. त्याने उलट त्यांना आग्रह करकरून वाढावे. पोट भरलेली गोमाशी अंडी पिकेपर्यंत काही दिवस स्वस्थ बसते. गोमाशीरावांना तुपात बुडवलेल्या चार पुरणपोळ्या घातल्या, तर निदान दुपारभर कोणाचा पगार कोणाला कळत नाही.